सोयाबीनला कोंब फुटले की सोयाबीन उगवलं?

बालाघाटी: मंडळी, एक अडचण. जूनमध्ये अंबाजोगाईजवळच्या शेतात पेरणीनंतर मोबाईलनं एक फोटो काढला होता. भेगाळलेली काळी माती, तिच्यातून वर आलेली सोयाबीनची वाकलेली मान, दोन्ही दलं अजून मिटलेली आणि एका बाजूला बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. परवा ऑक्टोबरात तो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'सोयाबीनला कोंब फुटले'. अर्ध्या तासात मामाचा फोन. "किती माल भिजला रे? कापलेल्या सोयाबीनची गंजी झाकली नव्हती का?" समजावून सांगितलं तर उलट मलाच म्हणाला, "पेरलेलं उगवतं. कोंब फुटतात ते नुकसानीत." मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही कोंब आहे, पण त्यात पंचनाम्याचा वास कुठंच नाही. फोटो एका प्रदर्शनाला द्यायचाय. नाव काय देऊ?

वर्णमाला: अंकुर. प्रश्नच नाही. नेमका, सुंदर, सगळ्या महाराष्ट्राला कळणारा.

तूरदाळ: सगळ्या महाराष्ट्राला पुस्तकात कळणारा! बियाण्याच्या पिशवीवरसुद्धा 'उगवणशक्ती' छापतात, अंकुरशक्ती नाही. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. ७० च्या वर आले तर घरचं बियाणं चालतं. हे मोजताना कुणी 'अंकुरले' म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही. मामा बरोबर आहेत. काढणीच्या वेळी पाऊस लागला की पेपरात हमखास 'सोयाबीनला कोंब फुटले' असा मथळा असतो. मग ७२ तासांत पीकविम्याला कळवायची धावपळ असायची, आणि तिथंही फोटोच मागायचे. आमच्याकडं कोंबांचे सगळ्यात जास्त फोटो त्यासाठीच निघायचे, प्रदर्शनासाठी नाही.

चुलीपाशी: मोड राहिला की! मटकीला मोड, हरभऱ्याला मोड. माझी सासू फडक्यात बांधलेल्या मटकीला कोंब म्हटलं तर हसेल. आणि कांद्या-बटाट्याला मोड म्हटलं तरी हसेल, तिथं कोंबच. मोड आपण मुद्दाम आणतो, कोंब आपल्याला न विचारता येतात.

वर्णमाला: हा भेद तुमच्या घरचा. भाषेचा नियम नव्हे.

चुलीपाशी: घरात बोलतात ती भाषा नसते काय?

मन्याडकाठ: मी देगलूरचा. इथं अर्धा बाजार तेलुगू-कन्नड बोलतो. कन्नडमध्ये कोंबू म्हणजे शिंग, कोंबे म्हणजे फांदी. आपला कोंब तिथूनच आला असणार. हळदीचा गड्डा बघा, खरंच शिंग उगवल्यागत दिसतं. तेलुगूत मोडाला मोलक म्हणतात. आपला मोडही त्याच घरातला, असं माझं ठाम मत.

वर्णमाला: ठाम मताला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

मन्याडकाठ: बरं, मग तुमची सांगा.

हळदीवाला: हळदीचं नाव निघालं म्हणून बोलतो. वसमतकडं गड्ड्याला आधी डोळा असतो, मग त्यातून कोंब निघतो. उसाच्या टिपरीलाही डोळाच. तिथं कोंब म्हणजे नुकसान नाही, वर्षाची कमाई आहे. तेव्हा मामांचा नियम सोयाबीनपुरता.

निवांत: फोटोत जे दिसतंय त्याबद्दल थोडं. सोयाबीन आपली दोन्ही दलं वर घेऊन येतं, म्हणून मान अशी वाकते. पाऊस उघडून मातीवर पापडी धरली की हीच मान मोडते. तूर आणि हरभरा दलं जमिनीतच ठेवतात, वर फक्त शेंडा येतो. त्यामुळे तुरीचा असा फोटो मिळणारच नाही. 'पालवी' मात्र लिहू नका. ती जुन्या झाडाची. माझ्याकडं चैत्रातल्या पिंपळाचा फोटो आहे, पानं तांब्यासारखी. लोक म्हणाले फिल्टर लावलाय. कोवळ्या पानात हिरवा रंग भरायच्या आधी लाल द्रव्य जास्त असतं, एवढंच.

गोठा: तुम्ही सगळे किरळ विसरलात. ज्वारी कापल्यावर बुडख्यातून कोवळे फुटवे येतात ते. पाण्याचा ताण पडला की त्यात विष तयार होतं, साधंसुधं नाही, सायनाईडच. आमची गाय बांधावरून सुटून तिथं शिरली, थोड्याच वेळात थरथर कापत आडवी पडली. डॉक्टर गावातच होते म्हणून इंजेक्शन वेळेत मिळालं. फोटोत किरळ फार गोड दिसतं, लुसलुशीत.

तूरदाळ: किरळ नव्हे, किराळ. 'किराळ लागलं' असंच म्हणतात.

गोठा: किरळ म्हणजे फुटवा. तो खाऊन जे होतं ते 'किरळ लागणं'. आजोबा असंच म्हणायचे.

तूरदाळ: आमचेही आजोबा होते हो.

बालाघाटी: फोटोचं नाव राहिलं. उद्या शेवटची तारीख आहे.

चुलीपाशी: 'उगवलं' एवढंच लिहा. मामा फोन करणार नाहीत.

वर्णमाला: क्रियापद हे शीर्षक होऊ शकत नाही. 'अंकुर'.

हळदीवाला: सोयाबीन 'दोन पानावर' येण्याआधीचं हे रूप आहे. नावाशिवाय द्या, नुसतं पिकाचं नाव आणि महिना टाका.

मन्याडकाठ: किरळही कन्नडच वाटतो मला.

गोठा: आता हे नको! परभणी-जालन्याकडचे कुणी आहेत का इथं? तुमच्याकडं किरळ की किराळ, तेवढं सांगा.