विहिरीच्या पाण्यात पारा आहे का ते कसं तपासायचं?

घणसोली_गावठाण:
घरामागे आजोबांच्या वेळची विहीर आहे, नळाला पाणी कमी आलं की मोटर लावून तेच वापरतो, उन्हाळ्यात कधीकधी प्यायला पण. बाजूलाच एमआयडीसीचा पट्टा, त्यात वहिनीला सातवा महिना लागलाय म्हणून पाऱ्याची भीती बसलीये. टीडीएस मीटर २१० दाखवतोय, मग पाणी ठीक समजायचं का? नाहीतर उकळून प्यायलं तर चालेल?

लॅबवाली_ठाणे:
दादा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. टीडीएस मीटर पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, आणि पाऱ्याची मर्यादा आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे लिटरला फक्त ०.००१ मिलिग्रॅम, मीटरला ते कळणारच नाही. उकळून जंतू मरतात, पाऱ्यावर तो उपाय नाही. रिपोर्ट येईपर्यंत वहिनींना हे पाणी पिण्याला, स्वयंपाकाला अजिबात देऊ नका, पारा बाळाच्या वाढत्या मेंदूला त्रास देतो.
सॅम्पल घरच्या बिसलेरीच्या बाटलीत नेऊ नका प्लीज, पारा प्लास्टिकला चिकटतो आणि आकडा कमी येतो. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून बाटली मागा, त्यात आधीच ॲसिड असेल तर विसळायची नाही आणि हाताला लागू द्यायचं नाही. मोटर थोडा वेळ चालू ठेवून मग भरा, टाकीतलं नको.

दिवा_ईस्ट:
ताईंनी सांगितलं ते बरोबरच, पण अजून एक, आणि हे लोक विचारतच नाहीत. आमच्या बोअरच्या रिपोर्टमध्ये पाऱ्यासमोर नुसतं बीडीएल (म्हणजे त्यांच्या पद्धतीला मोजता येईल त्याहून कमी) लिहून आलेलं, सगळे खूश. मी फोन करून विचारलं तर त्यांची पद्धत ०.००५ च्या खाली मोजतच नव्हती, म्हणजे मर्यादेच्या चौपट पारा असला तरी बीडीएलच येणार! मग दुसरीकडून करून घेतलं. पैसे भरायच्या आधीच विचारा, ०.००१ च्या खाली मोजता का, आणि तो आकडा रिपोर्टवर छापून घ्या.

घणसोली_गावठाण:
हे माहीतच नव्हतं, थँक्यू दोघांना. वहिनीला आजपासून नळाचंच देतो. घरी आरओ आहे, त्यातून पारा जातो का?

लॅबवाली_ठाणे:
चांगल्या आरओने बराच कमी होतो, पण मेम्ब्रेन जुनी असेल तर भरवसा नाही, म्हणून आरओच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन सॅम्पल द्या. आणि गावठाणातली उघडी विहीर आहे, तर ई-कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) आणि नायट्रेट पण त्याच वेळी करून घ्या, त्यांची बाटली वेगळी असते.