लीसे क्लावेनेस : दोहातलं भाषण महागात पडलं का?

कॉर्नरकिक :
नॉर्वेकडून ७३ आंतरराष्ट्रीय सामने, पुढे वकिली, आणि ६ मार्च २०२२ला नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. क्लावेनेस यांच्या पात्रतेबद्दल वादच नाही. पण पद मिळून महिना व्हायच्या आत, ३१ मार्चला, फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या कतारमधल्या दोहा परिषदेत त्यांनी कतारला २०२२च्या विश्वचषकाचं यजमानपद कसं मिळालं आणि स्थलांतरित कामगारांचं काय झालं, हे यजमानांच्या तोंडावर काढलं. वर्षभरानं, एप्रिल २०२३ला लिस्बनमध्ये, यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या कार्यकारी समितीसाठी उभ्या राहिल्या तर ५५ पैकी १८ मतं. तिथे फेरो बेटांचं आणि जर्मनीचं मत सारख्याच वजनाचं असतं. गाठीभेटी न घेता आधी भाषण केलं की असंच होणार.

डावा बॅक :
लिस्बनचा अर्धाच भाग सांगितलात. महिलांसाठी राखीव जागा होती; वेल्सच्या माजी कर्णधार लॉरा मॅकॲलिस्टर तिच्यावर आल्या. क्लावेनेस मुद्दाम खुल्या जागेवर, पुरुषांविरुद्ध लढल्या. ती १८ मतं खुल्या जागेवरची आहेत, हे विसरून हिशेब मांडता येत नाही.

शिवाय दोहात बोलणं ही त्यांची एकटीची लहर नव्हती. कतारवर बहिष्कार घालावा का, यावर २० जून २०२१ला नॉर्वेच्या संघटनेनं खास अधिवेशन घेतलं. बहिष्काराच्या विरोधात ३६८, बाजूनं १२१. आत राहून दबाव आणायचा, असा बहिष्कार नाकारणाऱ्यांचा मुद्दा होता. मग परिषदेत अध्यक्षांनी गप्प बसायचं?

कॉर्नरकिक :
गप्प नको, पण ठराव हवा. भाषणावर मतदान होत नाही. मुदतीत लेखी प्रस्ताव देऊन विषय कार्यसूचीवर आला, तरच परिषदेला त्याची दखल घ्यावी लागते. फिफाच्या २०२३च्या किगाली परिषदेसाठी नॉर्वेनं कामगारांच्या भरपाईचा विषय तसा दिला. तोच मार्ग पहिल्यापासून धरायला हवा होता.

डावा बॅक :
आणि त्या मार्गानं हाती काय आलं? नोव्हेंबर २०२४ला फिफानं ५ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, पण मृत कामगारांच्या कुटुंबांना थेट भरपाई त्यात नाही. एवढी कागदपत्रं नीट करूनही हे. निदान दोहातलं भाषण जगानं ऐकलं.

नियमपुस्तक :
दोघांनीही डिसेंबर २०२४कडे बघावं. २०३० आणि २०३४ या दोन्ही विश्वचषकांचं यजमानपद फिफाच्या परिषदेत एकत्र बांधून, मतमोजणी न करता, टाळ्यांनी मंजूर झालं. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. २०३४साठी तर एकच अर्ज, कारण ४ ऑक्टोबर २०२३ला प्रक्रिया जाहीर झाली आणि इच्छा कळवायची मुदत त्याच महिन्याच्या ३१ला संपली. नॉर्वेनं आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला आधीच पत्र दिलं. अशा परिषदेत एका संघटनेच्या हातात तेवढंच उरतं, आणि ते त्यांनी केलं.

कॉर्नरकिक :
हे मान्य. पण ११ ऑक्टोबर २०२५ला ओस्लोत इस्रायलशी विश्वचषक पात्रता सामना खेळलेच ना? तिथे तत्त्व कुठे गेलं?

डावा बॅक :
माघार घेतली असती तर सामना ३-० असा बहाल झाला असता आणि गुण इस्रायलला गेले असते. त्याऐवजी ५-० जिंकले आणि तिकीटविक्रीचा नफा गाझातल्या कामासाठी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला दिला. २०२१च्या अधिवेशनाचा कौल हाच होता.

नियमपुस्तक :
एप्रिल २०२५ला बेलग्रेडमध्ये क्लावेनेस यूएफाच्या कार्यकारी समितीत निवडून आल्याच. आता प्रत्येक यजमानपदावर वेगळं आणि मोजून मतदान व्हावं, ही मागणी त्यांनी यूएफाकडून फिफापुढे लेखी न्यायला हवी.