‘ऑटोफॅजी प्रथिनं’ हे नावच दिशाभूल करतंय का?

पेशीपुराण (धागाकर्ता)
उपवास केला की पेशी स्वतःचा कचरा खाते (हीच ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण), हे २०१६ साली जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना नोबेल मिळाल्यापासून घरोघरी पोचलंय. मला बोलायचंय ते त्यामागच्या प्रथिनांबद्दल. ओसुमींच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये यीस्टचे १५ उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बिघाड असलेले वाण, शोधले. उपाशी ठेवलं तरी त्यांना ऑटोफॅजी जमत नव्हती. पुढे अशा जनुकांना आणि त्यांच्या प्रथिनांना एटीजी (‘ऑटोफॅजी’वरूनच) हे सामाईक नाव पडलं आणि भानगड तिथेच झाली.

एलसी३ हे त्यांच्यातलंच एक प्रथिन घ्या. ऑटोफॅजीत ते कचरा कोंडणाऱ्या दुपदरी पिशवीच्या पटलाला चिकटतं. पण मॅक्रोफेजने (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशीने) बाहेरचा जंतू गिळला, तर त्या एकपदरी पिशवीलाही चिकटू शकतं, आणि त्यासाठी ऑटोफॅजी सुरू करणारं यूएलके१ लागतच नाही. डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशी प्रकाशग्राहींची जुनी टोकं रोज गिळतात, तिथेही तेच. हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्टची आम्ल सोडणारी चुणीदार कडा नीट बनायला एटीजी५ लागतं. यात ‘स्वभक्षण’ कुठे आलं? नाव बदला.

सुपारीअडकित्ता
काहीही. विळीच्या टोकाला खवणी असते, म्हणून कोणी तिला विळी म्हणायचं सोडतं का? आपल्या पेशींतलं एटीजी१६एल१ हे प्रथिन म्हणजे तशीच विळी. यीस्टच्या एटीजी१६ला डब्ल्यूडी४० हा भाग नाही. आपल्या प्रथिनाला आहे. साध्या ऑटोफॅजीचं त्यावाचून अडत नाही, पण एकपदरी पटलावर एलसी३ चढवायला तो लागतो. पातं आधीचं, खवणी मागाहून बसवलेली. नाव पात्यावरूनच राहणार.

पेशीपुराण
उपमा झकास, पण पातं आधीचं हे कशावरून? आपल्या बेक्लिन१चा यीस्टमधला भाऊ एटीजी६. त्याचंच दुसरं नाव व्हीपीएस३०, कारण तो प्रथिनं योग्य कप्प्यात पाठवण्याचंही काम करतो. म्हणजे यीस्टमध्येच दोन धंदे.

क्षयपक्ष
नावावरून कसले भांडताय, क्षयरोगाचं बघा, आपल्या देशाला ते जवळचं. ऑटोफॅजी वाढवली की मॅक्रोफेजमधले क्षयजंतू आटोक्यात येतात, असं २००४ मध्ये दिसलं. मग एटीजी५ काढलेले उंदीर क्षयाने पटापट मेले. झालं, सगळ्यांनी श्रेय ऑटोफॅजीला दिलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या गटाने एकेक करून इतर जनुकंही काढून पाहिली. एटीजी१२ नाही, एटीजी१४ नाही, तरी उंदीर टिकले! एटीजी५चा तो परिणाम न्यूट्रोफिल या दुसऱ्याच पांढऱ्या पेशींमधला निघाला आणि ऑटोफॅजीवाचूनचा. धागाकर्त्याला माझं अनुमोदन. एकच जनुक काढून निकाल देणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, तेही दुसऱ्याच पातेल्यातल्या.

सुपारीअडकित्ता
अर्धीच गोष्ट सांगताय. २०२३ मध्ये माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये एटीजी७ आणि एटीजी१४ काढली, तर क्षयजंतू जोमाने वाढले. एटीजी१४ तर ऑटोफॅजीच्याच बाजूचं. उंदरावरून ऑटोफॅजीला मोडीत काढायची घाई नको.

क्षयपक्ष
मान्य. ते माझ्याकडून राहिलं. पण तिथे त्यांनी दोन वेगळी जनुकं काढली, एकट्या एटीजी५वर भिस्त ठेवली नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे.

जेलमधली_पट्टी
मी प्रयोगशाळेत राबणारी, मला नावापेक्षा पट्ट्यांचा त्रास जास्त. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायच्या चाचणीत) एलसी३च्या दोन पट्ट्या येतात, वरची साधी, खालची पटलाला जोडलेली. खालची जाड झाली की ‘ऑटोफॅजी वाढली’ असं लिहून मोकळं व्हायची आमच्याकडे रीतच होती. एकदा एटीजी१३ नसलेल्या पेशींना मोनेन्सिन हे रसायन दिलं. या पेशींना नेहमीची ऑटोफॅजी सुरूच करता येत नाही. तरी खालची पट्टी ठसठशीत! दोन आठवडे मी नमुने अदलाबदल झाले असं समजून स्वतःलाच शिव्या घातल्या. मग कळलं, लायसोसोमसारख्या (कचरा पचवणाऱ्या) कप्प्यांच्या एकपदरी पटलावर एलसी३ चढलं होतं. अडकित्तेदादा, विळीला विळीच म्हणा, माझी हरकत नाही. पण ताटात खोबऱ्याचा कीस पडलेला दिसत असताना ‘भाजी चिरली’ असं वहीत लिहू नका.

सुपारीअडकित्ता
हे पटलं. नाव मात्र बदलू देणार नाही.