चिनी मातीच्या भांड्यात पाणी गार का होत नाही?

प्रश्न
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे आमच्या घरी पिण्याच्या पाण्याला माठच लागतो. जुना माठ पाझरून ओटा ओला करत असे, म्हणून यंदा आईसाठी तोटीचे, गुळगुळीत चिनी मातीचे भांडे आणले. पण त्यातले पाणी दुपारपर्यंत कोमट होते. दोन्ही मातीचीच असताना एवढा फरक का पडावा?

प्रतिसाद १
ज्या पाझरण्याला आपण दोष समजलात, त्यानेच माठातले पाणी गार होते. कुंभाराच्या आव्यात माती साधारणपणे ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली जाते, तेव्हा तिचे कण एकमेकांना धरून ठेवतात, पण मधली सूक्ष्म छिद्रे तशीच राहतात. त्यांतून पाणी बाहेर येते, कोरड्या हवेत उडून जाते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, म्हणजे एक लिटरमधले १० ग्रॅम पाणी उडाले, तर बाहेरची उष्णता न धरता उरलेले पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरेल. चिनी माती मात्र १२०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापवतात. तिच्यातले फेल्डस्पार नावाचे खनिज वितळून ती छिद्रे भरते आणि वरून काचेसारखी झिलई असतेच. लोणच्याचा खार म्हणूनच चिनी मातीच्या बरणीतून झिरपत नाही.

प्रतिसाद २
मी विजेच्या कामातला असल्याने एक भर घालतो. रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारांना आधार देणाऱ्या पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्याच, इन्सुलेटरमध्ये (वीज अडवणाऱ्या भागात) छिद्रे राहून ओल शिरली, तर वीज तिथून वाट काढते. तिथे घट्टपणा हाच खरा गुण, आणि गुळगुळीत झिलईमुळे पावसात धूळही धुऊन जाते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मग हे भांडे वायाच गेले का?

प्रतिसाद १
मुळीच नाही. त्याभोवती सुती फडके गुंडाळून ते सतत ओले ठेवा, म्हणजे बाष्पीभवन फडक्यावरून होईल. भांडे सावलीत, वारा लागेल असे ठेवा. बंद खोलीत कूलरजवळ मात्र नको, कारण ती हवा आधीच दमट असते. जुना माठही टाकू नका. तो साबणाने न घासता साध्या पाण्याने, काथ्याने घासून उन्हात वाळवा आणि खाली पसरट परात ठेवा.