तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पेशंटला घरी पाठवताना अ‍ॅप द्यावं का? (सांगली-मिरज)

विश्रामबागवाला

मिरजेत तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं नवीन नाहीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळचे पेशंट येतात, सीमेपलीकडून अथणी-विजापूरचेही येतात. डॉक्टर चांगले आहेत, ऑपरेशन योजनेत बसतं. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. डिस्चार्जच्या दिवशी हातात फाईल, गोळ्यांची चिठ्ठी आणि नाकात नळी. नळीतून काय द्यायचं, किती द्यायचं, तोंडाचा व्यायाम कसा करायचा, हे सगळं सिस्टर घाईघाईत सांगून मोकळ्या होतात. आणि ज्यानं ऐकायचं तो नेमका बिलाच्या खिडकीपुढं उभा असतो.

माझ्या चुलत्यांचा अर्धा खालचा जबडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस फिरवून तोंडात लावलं. घरी आल्यावर रात्री नळी तुंबली. चुलतीनं नाचणीची पेज गाळली होती, पण चहाच्या गाळणीनं. ती सुती फडक्यानं गाळायची, सिरिंजनं जोर न लावता आपोआप उतरू द्यायची, आणि शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. हे दोन मिनिटांच्या मराठी व्हिडिओत बसतं. अ‍ॅपमध्ये असे व्हिडिओ, व्यायामाची आठवण, जखमेचा फोटो पाठवायची सोय, एवढं असलं तरी निम्मी धावपळ वाचेल.

अजून एक. हे पेशंट नीट बोलू शकत नाहीत. 'काही वाटलं तर फोन करा' हे सांगणं त्यांच्या बाबतीत थट्टाच आहे. लिहिलेला निरोप आणि फोटो हीच त्यांची भाषा. फोन घरोघरी पोचलेत, मग वापरायला काय हरकत?

फिजिओताई_मिरज

हरकत आहे. मी याच पेशंटांबरोबर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओंना माझा विरोध नाही, नळीचा व्हिडिओ आजच करा. पण व्यायाम म्हणाल तर अ‍ॅपमधला माणूस धडधाकट तोंड उघडून दाखवतो. आमच्या पेशंटचं तोंड एक बोट जाईल इतकंच उघडतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात, हा आमचा साधा मापदंड. त्यात सुपारी-माव्यानं तोंड आधीच आखडलेलं असतं, वर ऑपरेशन, वर रेडिएशन. आम्ही आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला लावतो आणि हळूहळू एकेक काडी वाढवतो. पेशंट घाबरतो, टाके उसवतील म्हणतो. दुखतंय म्हणून थांबलाय की भीतीनं थांबलाय, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. काही वेळा खरंच थांबवावं लागतं, काही वेळा रागवावं लागतं.

खांद्याचंही तेच. मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावते आणि हात वर जात नाही. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सगळे करतात, पण खांदा न हलवता कंबर वाकवून बोट वर नेतात. फोनला वाटतं, वा, काय प्रगती!

आणि माझी खरी भीती सांगू? एकदा अ‍ॅप आलं की फिजिओची जागा भरायची काय गरज, असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणणार.

कोडवाला_सांगली

ताई, ती भीती बरोबर आहे, पण तिच्यासाठी अ‍ॅपला फाशी कशाला? अभ्यास झालेले आहेत. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ७६६ पेशंटांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटानं आपल्या तक्रारी ऑनलाइन नोंदवल्या, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चालू ठेवलं. नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ३१.२ महिने भरलं, दुसऱ्यांचं २६ महिने. नुसतं 'आज कसं वाटतंय' विचारून एवढा फरक. केमोचं एखादं नवीन औषध असं निघालं असतं तर पेपरात पहिल्या पानावर आलं असतं.

वाळवेकर

कोडवाला साहेब, अभ्यास खरा आहे, पण अर्धाच सांगितलात. ते पेशंट पसरलेल्या कॅन्सरचे होते आणि केमोवर होते, तोंडाच्या ऑपरेशनमधून उठलेले नव्हते. शिवाय तक्रार वाढली की नर्सला ईमेल जायचा, आणि बहुतेक वेळा ती नर्स पुढं काहीतरी करायची. फोन करायची, औषध बदलून घ्यायची, बोलावून घ्यायची. जीव वाचवला तो त्या नर्सनं. आपल्याकडं ईमेल कुणाला जाणार? ज्या सिस्टरच्या वॉर्डात खाटांपेक्षा पेशंट जास्त आहेत तिला?

कोडवाला_सांगली

मान्य. पण त्याच संशोधनात अजून एक गोष्ट निघाली. ज्यांना कॉम्प्युटरची सवय नव्हती, त्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे 'आपल्या अडाणी लोकांना काय जमणार' हा मुद्दा निकालात निघतो.

वाळवेकर

त्यांना हॉस्पिटलात आल्यावर तिथल्या मशीनवर बसवून भरून घेत होते. घरून नाही.

जतकर_मानूस

काय ओ, न्यू यॉर्क-न्यू यॉर्क लावलंय. आमच्या जतच्या पूर्व भागात या की. अर्धी गावं घरात कानडी बोलत्यात. तुमचा मराठी व्हिडिओ बघून आमची म्हातारी मान हलवील आन् पेज चहाच्या गाळणीनंच गाळील. अ‍ॅप काढा, नको म्हणत न्हाई, पण आधी कानडीत काढा.

दुसरं. 'घरोघरी फोन हाय' म्हंजे काय? फोन पोराचा अस्तोय. पोरगं ऊसतोडीला न्हाईतर पुण्याला कंपनीत. घरी म्हातारा, म्हातारी आन् बटणाचा डबा. मग आठवण वाजती पुण्यात आन् तोंड उघडायचं जतला.

आशाताई_शिराळा

जतकर दादा, अगदी बरोबर. आणि हे अ‍ॅप शेवटी कुणाच्या गळ्यात पडणार, तेही सांगते. आमच्या. आमच्या फोनात आधीच एवढी अ‍ॅप आहेत की गॅलरीत नातवाच्या फोटोला जागा नाही. चांदोलीकडच्या वाड्यांवर रेंज शोधत टेकडीवर जायचं ते आम्हीच.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आम्ही भरतो. तंबाखू खाता का, तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडातला व्रण दोन आठवडे बरा झाला नाही असं आहे का, हे प्रश्न त्यात आहेत. म्हणजे रोग पकडायचा फॉर्म आहे. पण ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाचा रकाना मला तरी कुठं दिसला नाही. तो माणूस बरा झालाय असंच धरलं जातं. मी त्याच्या घरी जाते ती लहान बाळाच्या लसीसाठी. हा कोपऱ्यात टॉवेल धरून बसलेला असतो, कारण खालचा ओठ लुळा पडल्यानं लाळ थांबत नाही. त्याच्याबद्दल कुणी मला विचारत नाही, म्हणून मी कुणाला कळवत नाही.

अ‍ॅप नको, पण मला त्याचं नाव कळवा. मला माहीत असलं तर मी नळीकडं बघून येईन.

अर्धा_जबडा

मी खटावचा, सातारा जिल्हा. सगळे पेशंटबद्दल लिहिताय, एक पेशंटही लिहू द्या.

माझं बोलणं घरातल्यांना कळतं, बाहेरच्यांना नाही. बँकेत गेलो की बायको सोबत लागते. फोनला वाटतं मी दारू प्यायलोय. 'बोलून टाइप करा' म्हणतो, आणि मी 'पाणी' म्हटलं की काहीतरी भलतंच लिहितो. म्हणून कोडवाल्या भावा, ते आवाजावर चालणारं अ‍ॅप वगैरे काढणार असाल तर आमच्यासाठी नको. बटणं मोठी ठेवा, बस.

मला अ‍ॅप हवं होतं, पण तुम्ही म्हणताय त्या कारणासाठी नाही. माझ्या तोंडात छातीचं मांस लावलंय, आणि छातीला केस असतात. काही दिवसांनी जिभेला केस लागायला लागले. मला वाटलं कॅन्सर परत आला, की माझं डोकं फिरलं. बायकोला सांगायची लाज वाटली. तपासणीला गेल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, होतं असं, रेडिएशननं बहुतेक जातील. मग हे आधी कुणी का सांगत नाही? आहाराच्या तक्त्यात क्विनोआ आणि ऑलिव्ह तेल असतं, केसांबद्दल एक ओळ नसते. हे फक्त ज्याला झालंय तो सांगू शकतो. मला असे दोन-चार जण फोनवर सापडले असते तर त्या रात्री झोप लागली असती.

रोज 'वेदना ० ते १० पैकी किती' विचारणारं एक अ‍ॅप मी वापरलंय. पुढं पुढं नातू शाळेला जाता जाता ५ दाबून जायचा. हॉस्पिटलच्या हिशेबात मी कायम पाचावर.

फिजिओताई_मिरज

काका, तुमचा निरोप मी आमच्या डिपार्टमेंटमध्ये वाचून दाखवणार आहे. केसांबद्दल खरंच कुणी सांगत नाही, कारण आम्हाला ती गोष्ट मामुली वाटते.

पाचाचा किस्सा मात्र माझ्याच बाजूचा आहे!

विश्रामबागवाला

ताई, पाचाचा किस्सा अ‍ॅपच्या विरोधात नाही, वाईट प्रश्नाच्या विरोधात आहे. वेदना किती हे विचारूच नका. 'आज तोंडात किती काड्या गेल्या?' विचारा. 'मानेच्या टाक्यांतून लाळ किंवा पाणी झिरपतंय का?' विचारा. हो की नाही, एवढंच. लाळ मानेतून बाहेर येत असेल तर आत फट पडलीय, आणि ते दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नसतं हे मला चुलत्यांच्या वेळी डॉक्टरांनी समजावलं. ताप, झिरप, रक्त, नळी निघाली, या चार गोष्टींची चार बटणं. पाचवं बटण कशाला हवं?

वाळवेकर

आता हे जरा शहाणपणाचं वाटतंय. पण फोटोचं काय? आमच्या शेजारच्या घरात पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो पाठवला होता. लावलेलं मांस फोटोत छान गुलाबी दिसत होतं. सकाळी उन्हात बघितलं तर निळसर. फोटो बघून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याचा काय दोष? आणि त्या फोटोंचं पुढं काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो पोराच्या, सुनेच्या, मेव्हण्याच्या गॅलरीत जाऊन बसतो. बारशाचे फोटो दाखवताना मध्येच आजोबांचं फाटलेलं तोंड. २०२३ साली विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला, पण तो मेव्हण्याच्या फोनला कोण समजावणार?

याहून मोठी गोष्ट, फोटो पाठवला की तपासणी झाली असं लोक समजतात. हा रोग परत येतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, आणि डॉक्टर तोंडात बोट घालून, मान चाचपून बघतात. मानेतली बारीक गाठ फोटोत दिसत नाही. एसटीचं भाडं वाचलं म्हणून आनंदानं फोटो पाठवणारा पेशंट मला जास्त धोक्यात वाटतो.

कोडवाला_सांगली

उजेडाचा प्रश्न सोडवता येतो, फ्लॅश सक्तीचा करता येतो. फोटो गॅलरीत न जाता थेट सर्व्हरवर जाईल असंही करता येतं, व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा वेगळं अ‍ॅप हवं ते याचसाठी. तपासणीचा मुद्दा मात्र कोडनं सुटणारा नाही. फार तर 'फोटो ही तपासणी नव्हे, अमुक तारखेला या' अशी ओळ प्रत्येक फोटोखाली टाकता येईल.

आणि तंबाखूचं कुणीच कसं काढलं नाही? गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी, तरी टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेशननंतर परत मिश्री लावणाऱ्या बायका आहेत. निदान १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायचा मोफत नंबर अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर हवा.

आशाताई_शिराळा

तो नंबर पुडीवर छापलेला असतोच. पुडी फाडताना कोण वाचतं?

अर्धा_जबडा

मी वाचला होता. फोन लावला नाही, कारण तेव्हा वाटायचं आपल्याला कुठं होणार. आता लावला तर समोरच्याला माझं बोलणं कळणार नाही. त्यासाठी लिहून बोलता येईल असं काहीतरी ठेवा.

जतकर_मानूस

ते चार बटणांचं पटलं बघा. कानडी मी सांगतो, आमच्या मास्तरांकडनं लिहून आणतो. बटणांवर चित्रंच काढा, वाचायची भानगडच नको. पर दाबल्यावर रात्री दोन वाजता उचलणार कोण, त्येवढं आधी ठरवा.

फिजिओताई_मिरज

तेच तर. एक नर्स, तिचा पगार, तिच्या रजेच्या दिवशी दुसरी नर्स. हे कागदावर आलं की मी पहिली सही करते. तोवर माझा विरोध नोंदवून ठेवा.

विश्रामबागवाला

ताई, मग आपण उलटं करू. आधी नर्सच्या पदाची मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी देऊ, अ‍ॅपचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात. आशाताईंना डिस्चार्ज झालेल्यांची नावं पेशंटच्या परवानगीनं कळवावीत, हेही त्याच पत्रात. मसुदा मी रविवारी टाकतो. नळीचा व्हिडिओ मात्र कुणाच्या सहीसाठी थांबणार नाही, चुलती स्वतः करून दाखवायला तयार आहे, फडक्यासकट.

वाळवेकर

मसुद्यात 'मोबाईल क्रांती' असा शब्द दिसला तर मी सही करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.