र्‍हुमॅटॉइड संधिवात : दुखणे आटोक्यात, पण शीण आणि पेंग जात नाही

हरिपूरकर_४७ (सांगली)

नमस्कार. माझे वय 47 असून सहा वर्षांपूर्वी मला र्‍हुमॅटॉइड संधिवाताचे निदान झाले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम, त्याच्या दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असा उपचार चालू आहे. बोटांची सूज आणि सकाळचा ताठरपणा पुष्कळ कमी झाला आहे. पूर्वी दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नसे, आता भाकरी थापते, त्यामुळे औषधांविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती थकव्याची. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेब लिहिते. अकरा वाजले की डोळे जड होतात आणि दुपारी तर अंगातील त्राणच निघून जाते. गेल्या महिन्यात खतावणीत रकमा उतरवताना डोळा लागला आणि पेनाची रेघ हमालीच्या रकान्यातून थेट तोलाईच्या रकान्यापर्यंत ओढली गेली. मालक काही बोलले नाहीत, पण ते पान त्यांनी दोनदा उलटून पाहिले. घरी सासूबाईंना वाटते की दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईला शीण कसला येणार. हळदीच्या पेठेत नोकरी असल्यामुळे भेटेल तो हळदीच्या दुधाचा सल्ला देतो. ते मी आवडीने पिते, शीण मात्र होता तिथेच आहे.

हा थकवा आजाराचा आहे, औषधांचा आहे, की वयाचा? तपासणीच्या वेळी डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

जुना_फार्मासिस्ट (मिरज)

ताई, औषधांच्या दुकानात माझी चौतीस वर्षे गेली, त्यामुळे औषधांपुरते बोलतो; निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचे. पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकाच वाक्यात लिहिल्या आहेत. पेंग वेगळी आणि शीण वेगळा. पेंग येते तेव्हा डोळे मिटतात आणि टेकायला जागा मिळाली की माणूस झोपतो. शिणात अंग गळून जाते, आडवे व्हावेसे वाटते, पण झोप येतेच असे नाही आणि झोपून उठल्यावरही ताजेपणा येत नाही. या दोहोंची कारणे पुष्कळदा वेगळी निघतात, म्हणून डॉक्टरांना सांगतानाही त्या वेगळ्या सांगा.

शीण बऱ्याच अंशी आजाराचाच असतो. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आणि त्या वेळी रक्तात जी दाहकारक द्रव्ये वाढतात (इंटरल्यूकिन-6, टीएनएफ ही त्यांतली नावे तुमच्या कानावर आली असतील) त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो. तापात अंग टाकून द्यावेसे का वाटते याचे उत्तर त्याच द्रव्यांत आहे. सासूबाईंना तापाचेच उदाहरण द्या, लवकर पटेल.

पेंगेसाठी मात्र आधी घरातला औषधांचा डबा उघडून पाहावा. मुंग्यांसाठी किंवा जुन्या दुखण्यासाठी दिलेली प्रीगाबालिन, गॅबापेन्टिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, वेदनाशामकांतील ट्रॅमाडॉल, आणि सर्दी-खाजेसाठी लोक स्वतःच्या मनाने घेतात त्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, या सगळ्यांनी झोप येते. संधिवाताच्या डॉक्टरांना या गोळ्यांचा पत्ताच नसतो, कारण त्या दुसऱ्याच कोणी दिलेल्या असतात किंवा कोणी दिलेल्याच नसतात. स्टेरॉइड चालू असेल तर साधारणपणे ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. संध्याकाळी घेतले की रात्रीची झोप उडते आणि तिची वसुली दिवसा होते.

मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळ आणि गळाल्यासारखे वाटते. तुमचा शीण ठरावीक वारी वाढत असेल तर गोळीचा वार सुट्टीच्या आदल्या रात्री आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि तुम्हाला माहीत असेलच, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो, कारण ही चूक मी स्वतः पाहिली आहे : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

तपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा सांगणारी तपासणी), बी-12, थायरॉइडसाठी टीएसएच आणि दाहासाठी सीआरपी यांविषयी विचारावे. या आजाराच्या रुग्णांत थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. रात्री मोठ्याने घोरण्याची आणि मध्येच श्वास अडकल्यासारखे होण्याची तक्रार असेल तर तीही सांगा.

कराडचा_वाचक

माझ्या मावशींना एका वैदूने बिननावाची पांढरी पुडी दिली होती. तिने दोन दिवसांत दुखणे आणि थकवा दोन्ही गेले. ताईंनी विचारून पाहायला हरकत नाही.

जुना_फार्मासिस्ट (मिरज)

हरकत आहे. इतक्या झटपट गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. मात्रा माहीत नाही, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस घेऊन ती पुडी एकदम बंद केली तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होत नसल्याने माणूस पार कोसळतो. मावशी अजून ती घेत असतील तर एकदम थांबवू नका. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

शाळेतल्या_बाई (सातारा)

मला हा आजार होऊन चौदा वर्षे झाली आहेत. वरच्या उत्तरात औषधांचे सगळे आले आहे, म्हणून मी रोजच्या कामाविषयी लिहिते.

माझी पहिली काही वर्षे एकाच चुकीत गेली. ज्या रविवारी अंग हलके वाटे त्या रविवारी जळमटे काढणे, डबे घासणे, आठवड्याचे वाटण करून ठेवणे असे सगळे एका दमात उरकायचे आणि मग सोमवार-मंगळवार रजा टाकून पडून राहायचे. पडून राहिल्याने स्नायू सैल पडत आणि पुढच्या रविवारी तेच काम जास्त जड जाई. फिजिओथेरपिस्टने मला दोन आठवडे वहीत नोंद ठेवायला लावली : किती वाजता काय केले आणि तेव्हा शीण दहापैकी किती होता. त्या वहीवरून दिसले की माझा शीण कामाच्या दिवशी नव्हे तर दुसऱ्या दिवशी चढतो. त्यामुळे थकल्यावर थांबायचे हा नियम माझ्या उपयोगाचाच नव्हता, थकण्याच्या आधी थांबायला शिकावे लागले. आता वीस मिनिटे काम केले की काम अर्धवट असले तरी मी खुर्चीत बसते. अर्धी निवडलेली मेथी तशीच ठेवून बसणे मला औषधांपेक्षा कठीण गेले, हे कबूल करते.

दुसरे म्हणजे चालणे. शीण असलेल्या माणसाला चाला म्हणणे क्रूर वाटते आणि मलाही राग आला होता, परंतु बेताच्या व्यायामाने या आजारातला थकवा कमी होतो, हे अभ्यासांतूनही दिसले आहे. मी राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत जाऊन परत येण्यापासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटेच वाढवली. अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागायला दीड वर्ष गेले. सांधे सुजलेले असतील त्या दिवशी चालणे कमी करते, पण पूर्ण बंद ठेवत नाही.

दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांची आणि तीनच्या आधी. तास-दीड तास झोपले की उठल्यावर डोके जड राहते आणि रात्री टक्क जाग येते. मनगटाच्या दुखण्याने रात्री जाग येत असेल तर रात्रीपुरती पट्टी मिळते, तिचेही विचारा.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी विचारली नव्हती : मन खिन्न राहते का, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटतात का? नैराश्य या आजारात बऱ्याच जणांना गाठते, त्याचे पहिले रूप थकव्याचेच असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

हरिपूरकर_४७ (सांगली)

सात आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. काकांनी सांगितल्याप्रमाणे औषधांचा डबा टेबलावर उपडा केला आणि चोर त्यातच सापडला. हळदीच्या धुळीने शिंका येतात म्हणून गेली दोन वर्षे मी रोज सकाळी यार्डात निघण्यापूर्वी सेटिरिझिन घेत होते आणि ते औषध आहे हे माझ्या लेखी नव्हतेच, चहासारखी सवय झाली होती. डॉक्टरांनी ती बदलून फेक्सोफेनाडिन दिले आणि मला रुमालाऐवजी मास्क लावायला सांगितले. अकरा वाजताची पेंग आठवड्याभरात गेली.

शीण मात्र एका आठवड्यात जाणारा नव्हता. हिमोग्लोबिन 9.4 निघाले. टीएसएच ठीक होते. डॉक्टरांनी समजावले की दाहामुळे फेरिटिन खोटेच वाढलेले दिसू शकते, त्यामुळे ते साधारण आले तरी लोह पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. माझे तर 11 होते, म्हणजे कमतरतेविषयी शंकाच नको. पाळीचा रक्तस्राव वाढला होता तो मी वयावर ढकलला होता, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होत नाही ना, याचीही चौकशी झाली. लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि जेवणावरचा चहा बंद आहे, कारण चहाने लोह नीट शोषले जात नाही. पूर्वी दहापैकी आठ लिहीत होते तो शीण आता वहीत पाच असतो. हरिपूर रस्त्याने संध्याकाळी बारा मिनिटे चालते.

मालकांना एकदाच सगळे नीट सांगितले. त्यांनी दुपारी दीड ते दोन बारदानाच्या खोलीत आरामखुर्ची टाकून दिली. सौद्याच्या दिवशी मात्र पाच मिनिटेही उठता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी शीण पुन्हा आठवर जातो. तेवढ्यापुरते काय करावे?

शाळेतल्या_बाई (सातारा)

माझे सौदे म्हणजे परीक्षेचे दिवस. आदल्या संध्याकाळचा आणि त्या रात्रीचा स्वयंपाक मी घरातल्या दुसऱ्या माणसावर सोपवते, आणि दुसऱ्या दिवशी कपडे, बाजार असले काहीच ठरवत नाही. सौद्याचे वार तुम्हाला आधीच माहीत असतात, तेव्हा मेथोट्रेक्सेटचा वार त्यांच्यापासून दूर आहे ना, हे एकदा कॅलेंडरवर पाहून घ्या.