शब्दचर्चा : 'बाई दारू विकत नाही', पण कोणती दारू?

पाटीपेन्सिल : घानातील अकान लोकांच्या स्त्रीविषयक म्हणींवरील एका लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यातील एक म्हण मी 'बाई वांगी विकते, दारू विकत नाही' अशी लिहिली, तेव्हा कच्चा खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने तिकडेही दारूबंदीची चळवळ झाली होती का, असे विचारले. मुळात बंदुकीची दारू अभिप्रेत आहे. तसे लिहिले तर म्हणीचा ठेका मोडतो आणि 'दारूगोळा' म्हटले तर नसते गोळेही पदरात पडतात. एखादा सुटसुटीत शब्द सुचवावा.

घाटमाथा : 'स्फोटकचूर्ण' असा स्वच्छ शब्द घडवता येतो. फारसीतून आलेला शब्द धरून बसले की असा घोटाळा व्हायचाच.

निळी शाई : चूर्ण म्हटले की मला त्रिफळा आठवतो. फारसीत दारू म्हणजे औषध, आणि 'दवादारू' या जोडशब्दात आपण तो अर्थ अजून सांभाळून आहोत. आमच्या गावच्या जत्रेत 'शोभेची दारू' उडत असे आणि ती पाहताना कोणालाही गुत्ता आठवत नसे. अकानांचीच दुसरी एक म्हण शेजारी छापावी: बाईने बंदूक विकत घेतली, तरी ती टेकते पुरुषाच्या खोलीत. मग दारू कोणती, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आडवाट : माझ्या मते खरी गोम नामात नसून क्रियापदात आहे. घानातल्या कुमासी शहराच्या बाजारपेठेत भाजीपाल्याचा व्यापार मुख्यतः बायकांच्या हातात असतो आणि एकेका मालाची म्होरकी बाई त्या मालाची 'राणी' म्हणून ओळखली जाते. त्यामुळे 'वांगी विकते' हे सरळ वर्णन झाले. 'दारू विकत नाही' हे मात्र वर्णनाच्या वेषातली मनाई आहे. 'शहाण्या मुली असे बोलत नाहीत' असे आपण म्हणतो, तेव्हा मुलींच्या बोलण्याची नोंद थोडीच करीत असतो? म्हणून 'विकू नये' असेच लिहावे.

निळी शाई : तसे लिहिले की म्हणीची म्हण राहत नाही, फर्मान होते. मनाई वाचकाला आपोआप कळते, हीच तर म्हणीची लबाडी आहे.

पाटीपेन्सिल : त्याच लेखात 1900 साली अकानांपैकी असान्ते लोकांच्या पवित्र सोन्याच्या आसनासाठी इंग्रजांशी झालेल्या युद्धाचे नेतृत्व करणारी, एजिसू गावची 'या असान्तेवा' ही स्त्रीही आहे. तिच्या 'ओहेमा' या पदासाठी 'राजमाता' चालेल का?

घाटमाथा : उत्तम. जिजाबाई डोळ्यांसमोर उभ्या राहतील.

निळी शाई : नेमके तेच नको. ओहेमा ही राजाची आई असेलच असे नाही, बहीण किंवा मावशीही असू शकते. अकानांचे कूळ आईकडून चालते आणि गादीसाठी उमेदवार सुचवण्याचा अधिकार तिचा असतो. निवाडा देण्याआधी पंच बाजूला जातात, तेही 'म्हातारीला विचारून येतो' असे म्हणून.

आडवाट : आणि तरीही त्यांचीच म्हण सांगते की कोंबडीलाही पहाट कळते, पण ती कोंबड्याच्या तोंडाकडे पाहते. बाईला कळते याची कबुली द्यायची, पण आरवण्याचा मान कोंबड्याकडेच ठेवायचा! म्हातारीला विचारणारे पंच मला याच कोंबड्यांच्या जातीचे वाटतात.

घाटमाथा : हे फार ओढूनताणून झाले. ज्या समाजात वारसा आईच्या कुळातून ठरतो, त्याला आपल्या 'चुलीपुढे शिपाई, घराबाहेर भागूबाई'च्या मापाने मोजू नये. भित्र्या पुरुषाला बाईचे नाव देणारे आपण.

आडवाट : कूळ आईकडून आले, तरी बंदूक पुरुषाच्या खोलीतच टेकते ना? 'ओहेमा' हा शब्द मात्र तसाच ठेवावा, राजमाता करू नये.

घाटमाथा : परका शब्द तसाच ठेवायचा, तर वांग्यांनी काय घोडे मारले आहे? तिकडची ती पांढरट, अंड्याएवढी असतात, आणि मराठी वाचकाला दिसणार भरली वांगी. त्यांनाही मग 'न्यादोआ'च म्हणा.